स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधला वाद नेमका कुठे न्यायचा?

चिराबाजार

मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या करारांचे, कोड तपासायचं काम करतो. ऑफिस अंधेरीत, गिऱ्हाईकं बहुतेक परदेशातली. एस्क्रोचा, म्हणजे काम होईपर्यंत पैसे अडकवून ठेवणारा, कोड तपासायला आला की दोन प्रश्न हमखास असतात: पैसे चोरीला जातील का, आणि गॅस (ब्लॉकचेनवर व्यवहार करायची फी) किती लागेल? काम झालं की नाही यावरून दोन पक्षांचं फाटलं तर पैसे कुणाच्या शब्दावर सुटणार, हे क्वचितच कुणी विचारतं. कोड उघडून बघावा तर त्या जागी एकच फंक्शन असतं, आणि ते चालवायचा अधिकार कॉन्ट्रॅक्ट चढवणाऱ्याच्या वॉलेटला. विकेंद्रित म्हणून विकलेल्या व्यवहारात शेवटचा शब्द एका माणसाचा, आणि त्याला हे काम दोन्ही पक्षांनी कधी दिलेलंच नसतं.

माझं मत आधीच सांगतो. निवाडा कोण करणार हे पैसे आत टाकण्याआधी ठरलं पाहिजे, आणि निवाड्याला लागणारा वेळही कोडमध्येच राखून ठेवला पाहिजे.

वेळेचं का म्हणतो ते सांगतो. २०१६ साली इथेरियम या ब्लॉकचेनवर 'द डाओ' नावाचा सामायिक निधी उभा राहिला, सुमारे १५ कोटी डॉलरचा. १७ जूनला कुणीतरी कोडमधल्या पळवाटेतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) बाजूला काढले. कॉन्ट्रॅक्ट आधी पैसे पाठवायचं आणि शिल्लक नंतर कमी करायचं, त्यामुळे मधल्या क्षणी पुन्हा मागणी केली की तीच शिल्लक पुन्हा मिळायची. पण त्याच कोडमध्ये असाही नियम होता की बाहेर काढलेली रक्कम आधी एका उपनिधीत जाते आणि तिथे साधारण चार आठवडे अडकून राहते. त्या मुदतीत जगभर कडाक्याची भांडणं झाली आणि २० जुलैला हार्ड फोर्क करून, म्हणजे नेटवर्कचे नियमच बदलून नवी साखळी सुरू करून, पैसे परत फिरवले गेले. ज्यांना हे पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, तीच इथेरियम क्लासिक. 'कोड हाच कायदा' की नाही, यासाठी सगळे हे प्रकरण आठवतात. मला त्यातले चार आठवडे महत्त्वाचे वाटतात. ते नसते तर वाद घालायला काही शिल्लकच राहिलं नसतं.

उलट उदाहरण नोव्हेंबर २०१७ चं. पॅरिटी या कंपनीच्या मल्टिसिग (अनेक सह्या लागणाऱ्या) वॉलेटांमागचं सामायिक लायब्ररी कॉन्ट्रॅक्ट एका वापरकर्त्याने स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि नष्ट केलं. ५ लाखांहून जास्त इथर गोठले. इथे पैसे कुणाच्या खिशात गेले नव्हते, मालक कोण याबद्दलही शंका नव्हती. तरी ते सोडवण्याचा ईआयपी ९९९ हा इथेरियममध्ये बदल करण्याचा प्रस्ताव मंजूर झाला नाही. एकदा फिरवलं तर दर वेळी फिरवणार का, ही भीती आडवी आली. म्हणजे अख्खं नेटवर्क कोर्ट होऊन बसेल ही आशा सोडावी. तुमच्या-माझ्या दोन लाखांच्या व्यवहारासाठी तर कुणी ब्लॉकचेन दुभंगणार नाही.

मग उरतात ते सध्या वापरात असलेले मार्ग.

सगळ्यात जुना म्हणजे तीनपैकी दोन सह्यांचं वॉलेट. सही करायची एक किल्ली पैसे देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे, तिसरी मध्यस्थाकडे. दोघांचं जमलं तर मध्यस्थाला कळतही नाही. अजूनही मला हा मार्ग सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्रास दोनच: मध्यस्थ एका पक्षाला सामील होऊ शकतो, आणि वेळेवर गायब होऊ शकतो.

दुसरा क्लेरोससारखा. २०१७ मध्ये सुरू झालेला हा ब्लॉकचेनवर वाद सोडवण्याचा प्रकल्प. ज्यांनी त्याचे पीएनके टोकन (डिजिटल नाणी) पणाला लावलेत त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे ज्युरर, म्हणजे पंच, निवडले जातात, जास्त टोकन त्याला जास्त संधी. पुरावे वाचून मत द्यायचं. बहुमतासोबत गेलेल्याला फी मिळते, विरुद्ध गेलेल्याचे काही टोकन कापले जातात. अपील केलं की ज्युररांची संख्या दुप्पट अधिक एक होते: ३, मग ७, मग १५, मग ३१. यामागचा विचार थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाचा. एकमेकांशी न बोलता दोघांना भेटायचं असेल तर दोघंही अशा जागी जातात जिथे दुसरा येईल असं वाटतं. आपण 'स्टेशनवर भेटू' एवढंच ठरवलं तर इंडिकेटरखाली जाऊन उभे राहतो तसं. क्लेरोस असं धरून चालतं की अनोळखी ज्युररांसाठी ती जागा म्हणजे खरं उत्तर.

तिसरा उमासारख्या आशावादी ओरॅकलचा. ओरॅकल म्हणजे बाहेरची माहिती ब्लॉकचेनवर आणणारी यंत्रणा. कुणीतरी अनामत ठेवून उत्तर मांडतो, ठरावीक मुदतीत कुणी हरकत घेतली नाही तर तेच उत्तर पक्कं. हरकत आली तर टोकनधारकांचं मतदान.

आता प्रश्न. यातल्या कुठल्याही निवाड्याला आपल्याकडच्या कोर्टात काही किंमत आहे का? आणि तुमच्यापैकी कुणी अशा करारात पैसे अडकवताना नेमकं काय लिहून घेता?

मुलुंड पूर्व

चांगला विषय. पण मूळ शंका अशी की मध्यस्थ लागणारच असेल तर बँकेचं एस्क्रो खातं काय वाईट? बँकेवर रिझर्व्ह बँक तरी आहे.

चिराबाजार

मुलुंडकर, रक्कम मोठी आणि दोन्ही पक्ष भारतातले असतील तर मीही बँकेचंच एस्क्रो सुचवतो. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाबरोबर हजार डॉलरच्या कामासाठी कुठली बँक एस्क्रो खातं उघडून देणार? हे मार्ग त्या जागेसाठी आहेत. शिवाय यातला मध्यस्थ पैसे घेऊन पळू शकत नाही, कोड नीट असेल तर तो फक्त इकडे की तिकडे एवढंच ठरवू शकतो. हा फरक मोठा आहे.

ऑपेरा हाउस

हिऱ्याच्या दलालीत आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. पंचरत्न इमारतीच्या काळापासून ते बीकेसीच्या बोर्समध्ये (हिरे बाजारात) आल्यावरही आमच्याकडे माल जांगड चिठ्ठीवर, म्हणजे पसंत पडला तर ठेवायचा या बोलीवर, फिरतो. लाखांचा माल एका कागदाच्या तुकड्यावर दुसऱ्याच्या कपाटात जातो. वाद झाला की आधी बाजारातली जुनी माणसं बसतात, मग असोसिएशनची लवाद समिती. कोर्टात जाणारा अगदी शेवटी जातो.

हे चालतं, कारण पंचांचं न ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून कुणी माल दाखवत नाही. नाव जातं, आणि नाव गेलं की धंदा गेला. तुमच्या वॉलेटांना नाव कुठलं? आज एक पत्ता, उद्या दुसरा. त्यामुळे तुम्हाला पैसे आधीच अडकवून ठेवावे लागतात. आमची अनामत माणसाच्या नावात असते, तुमची कॉन्ट्रॅक्टमध्ये. पंच मात्र दोन्हीकडे लागतात, आणि ते माल ओळखणारे लागतात. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसाला हिऱ्यातली काळी (आतला काळा डाग) कशी दिसणार, हे मला तुमच्या क्लेरोसबद्दल समजून घ्यायचं आहे.

चिराबाजार

काका, तुमचा मुद्दा अगदी वर्मावरचा आहे. क्लेरोसमध्ये विषयवार वेगळी उपन्यायालयं आहेत आणि ज्युरर आपल्याला जमेल त्यात टोकन लावतो. पण त्याला ते खरंच जमतं का, हे कुणी तपासत नाही. चुकीचं मत दिलं तर टोकन जातील ही भीतीच काय ती चाळणी. कोड नीट चालतो का, मजकूर चोरलेला आहे का, अशा प्रश्नांना ती पुरेशी आहे. कामाचा दर्जा चांगला का वाईट, याला मला अपुरी वाटते.

भायखळा लोकल

व्हीजेटीआयला शिकतोय, हा विषय प्रोजेक्टला घ्यायचा विचार आहे. ज्युररांना लाच देता येत नाही का? वॉलेटवर पैसे पाठवणं तर सोपं आहे.

चिराबाजार

देता येते, आणि त्यातला सगळ्यात चतुर प्रकार इथेरियम सुरू करणाऱ्या विटालिक ब्युटेरिनने २०१५ च्या जानेवारीत मांडला होता. समजा ज्युररला बहुमतासोबत गेल्यावर १०० रुपये मिळतात. लाच देणारा जाहीर करतो: 'खोट्या बाजूने मत द्या. ती बाजू हरली तर तुमचं नुकसान भरून वर १ रुपया जास्त, म्हणजे १०१ देईन. जिंकली तर मी काही देणार नाही.' आता प्रत्येक ज्युरर एकटा बसून हिशेब करतो. खोटी बाजू जिंकली तर १०० मिळणार, हरली तर १०१. दोन्हीकडे खोटं मतच फायद्याचं. सगळ्यांनी तसा हिशेब केला की खोटी बाजू जिंकते आणि लाच देणाऱ्याला दमडीही मोजावी लागत नाही. शब्द पाळण्याची खात्री द्यायला तो स्वतःच एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लावतो. प्रोजेक्टमध्ये हाच भाग घे, इथे खणायला खूप आहे.

यावर उतारा म्हणून अपिलाची सोय असते. प्रत्येक पायरीला ज्युरर वाढतात, लाचेची हमी मोठी ठेवावी लागते, आणि खालच्या ज्युररांचं बक्षीस शेवटच्या निकालावर ठरतं. तो पूर्ण उतारा नाही, पण हल्ला महाग होतो.

उमासारख्या रचनेत चिंता वेगळी आहे. तिथे टोकनावर मत, म्हणून ज्याच्याकडे टोकन जास्त त्याचं वजन जास्त. २०२५ च्या जूनमध्ये झेलेन्स्की नाटोच्या बैठकीला काळा कोट-पँट घालून गेले. पॉलिमार्केट या पैजांच्या साइटवर, जिथले वादग्रस्त निकाल उमाकडे जातात, 'ते जुलैच्या आत सूट घालतील का' असा बाजार चालू होता, त्यात २० कोटी डॉलरहून जास्त उलाढाल झाली. अनेक बातम्यांनी त्या कपड्यांना सूट म्हटलं, टोकनधारकांच्या मताने निकाल 'नाही' असा लागला. मला तो निकाल चूक की बरोबर यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की सूट कशाला म्हणायचं हे नियमात लिहिलंच नव्हतं. लिहिलेलं अपुरं असेल तर कुठलाही पंच अडचणीत येतो, मग तो ब्लॉकचेनवरचा असो की बाहेरचा.

फोर्टमधली वकील

मूळ प्रश्नाकडे येते, कारण यात लोकांचे पैसे बुडताना बघितलेत आणि थोडी काळजी घेतली असती तर वाचले असते.

पहिलं, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट हा करार होऊ शकतो का? होऊ शकतो. १८७२ च्या करार कायद्याला प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला आणि मोकळी संमती हवी असते. कागदच हवा असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने तो अमलात न येणारा ठरत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा द्यायला बँकांना मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक रद्द केलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी धारण करता येते, असं म्हटलं. तेव्हा 'क्रिप्टोला कायदाच नाही' हे वाक्य आता कुणी ऐकवू नये.

दुसरं, क्लेरोसचा निकाल हा लवादाचा निवाडा आहे का? माझ्या मते, नुसता तो निकाल घेऊन मुंबई उच्च न्यायालयात अंमलबजावणी मागितली तर टिकणार नाही. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ३१ म्हणतं की निवाडा लेखी हवा आणि त्यावर लवादांच्या सह्या हव्यात. कारणंही द्यावी लागतात, मात्र पक्षांनी आधी ठरवलं असेल तर ती वगळता येतात. कलम १२ प्रमाणे लवादाने आपले हितसंबंध लेखी उघड करायचे असतात. निनावी ज्युरर सही कुठून करणार आणि काय उघड करणार? समोरचा पक्ष कलम ३४ खाली निवाडा रद्द करून मागेल, आणि त्याला मुद्दे शोधावे लागणार नाहीत.

पण यातून वाट आहे, आणि ती मेक्सिकोत चालून झालेली आहे. तिथे एका भाडेकराराच्या वादात करारानेच नेमलेल्या लवादाने प्रश्न क्लेरोसकडे पाठवला, तिथून आलेला निकाल आपल्या निवाड्यात घातला, आणि हालिस्को राज्यातल्या न्यायालयाने तो निवाडा अमलात आणला. म्हणजे सही करणारा जिवंत माणूस एक, आणि मत ज्युररांचं. आपल्याकडे ही रचना तशीच्या तशी टिकेल असं मी छातीठोक सांगणार नाही. लवादाने स्वतःची बुद्धी वापरली पाहिजे, आपलं काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हा आक्षेप येणारच. म्हणून मी असं लिहिते की ज्युररांचं मत हा तज्ज्ञाचा अहवाल समजावा आणि लवादाने त्यावर स्वतः विचार करून निर्णय द्यावा. तज्ज्ञ नेमायची सोय कलम २६ मध्ये आहेच.

तिसरं, पुरावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधून काढलेला, तिच्या बोटांच्या ठशासारखा कोड) आणि ती कोणत्या पद्धतीने काढली हे भरावं लागतं. एसएचए-२५६ या पद्धतीचा पर्याय नमुन्यात छापलेला आहे. काम सोपवतानाच फाइलची हॅश काढून ठेवा. वाद उभा राहिल्यावर काढलेल्या हॅशला तेवढं वजन येत नाही.

भायखळा लोकल

वकीलताई, आणि कोडने परवानगी दिली म्हणजे कृत्य कायदेशीर, हे कोर्टात चालतं का? मँगो मार्केट्स या क्रिप्टो सौद्यांच्या प्लॅटफॉर्मवरून अमेरिकेत चाललेलं प्रकरण वाचलं, त्यात आरोपी सुटला ना?

फोर्टमधली वकील

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ११ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम काढली गेली, २०२४ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ते रद्द केलं. पण 'कोड हाच कायदा' असं त्यांनी म्हटलेलं नाही. काही आरोपांत न्यूयॉर्कचं अधिकारक्षेत्र सिद्ध झालं नाही, आणि फसवणुकीच्या आरोपात खोटं विधान नेमकं कुठलं हे सरकारला दाखवता आलं नाही, कारण त्या प्लॅटफॉर्मवर काय करायचं नाही याचे नियमच लिहिलेले नव्हते. पुन्हा तोच मुद्दा: लिहिलेलं नव्हतं.

प्रोजेक्टसाठी यापेक्षा सिंगापूरचं क्वॉइन विरुद्ध बी२सी२ वाच. एप्रिल २०१७ मध्ये दोन संगणक प्रोग्रामांनी आपापसात इथर बाजारभावाच्या सुमारे २५० पट दराने विकले-घेतले. क्वॉइन या एक्स्चेंजने सौदे उलटवले. २०२० च्या फेब्रुवारीत तिथल्या अपील न्यायालयाने उलटवणं करारभंग ठरवलं. चूक समोरच्याला माहीत होती का हे बघताना मन कुणाचं तपासायचं? तर प्रोग्राम लिहिणाऱ्याचं, तो लिहिताना त्याच्या मनात काय होतं ते. यंत्रांनी केलेल्या करारातही कोर्टाने शेवटी माणूस शोधला.

आकडेमोड

एक कोरडी पण गरजेची नोंद. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या नफ्यावर ३०% कर आहे आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा करता येत नाही. तोटाही दुसऱ्या नफ्यातून वळता होत नाही. म्हणजे लवादाची फी टोकनमध्ये भरलीत तर ती त्या नफ्यातून वजा करता येणार नाही. फी कुणी भरायची हे करारात लिहिताना एवढं ध्यानात ठेवा.

मुलुंड पूर्व

सगळे कोडबद्दल बोलताय. वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवरून १८ जुलै २०२४ ला २३ कोटी डॉलर चोरीला गेले, तेही मल्टिसिग वॉलेटच होतं ना? मग तीन सह्या, चार सह्या यांचा उपयोग काय?

चिराबाजार

सही करणाऱ्याला पडद्यावर एक दिसलं आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच गोष्टीवर झाली, की सह्या कितीही असोत. हा सुरक्षेचा भाग झाला. वादाच्या दृष्टीने त्यातून वेगळीच गोष्ट घ्यावी: एक्स्चेंज मुंबईचं, ग्राहक बहुतांश भारतीय, आणि परतफेडीची योजना मंजूर झाली ती सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. कारण मूळ कंपनी तिथली. विकेंद्रित असो की केंद्रित, वाद कुठल्या गावात चालणार हे बारीक अक्षरांत आधीच ठरलेलं असतं, आणि ती अक्षरं वाचायलाच हवीत.

आणखी एक लपलेला न्यायाधीश सांगतो. यूएसडीटी आणि यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या दोन्ही टोकनांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पत्ता गोठवण्याची सोय आहे. तुमचा एस्क्रो कितीही विकेंद्रित लिहिलेला असला तरी आतलं टोकन काढणारी कंपनी तो पत्ता गोठवू शकते. चोरी झाली तर हेच उपयोगी पडतं, म्हणून मी याला वाईट म्हणत नाही. पण करार करणाऱ्याला हे माहीत असावं.

दादर पश्चिम

मी ग्राफिक डिझाइनर आहे, घरून काम करते. तुमची चर्चा वाचून भीतीही वाटली आणि धीरही आला. माझ्या एका परदेशी गिऱ्हाइकाने लोगो आणि पॅकेजिंगचं काम एस्क्रोवर देतो म्हटलंय, रक्कम साधारण ४० हजार रुपयांची. एवढ्यासाठी लवाद, वकील परवडणार कसे? आणि डिझाइन 'आवडलं नाही' म्हणून पैसे अडवले तर?

चिराबाजार

दादर पश्चिम, एवढ्या रकमेला वाद जिंकण्यापेक्षा तो छोटा ठेवणं महत्त्वाचं. कामाचे टप्पे पाडा: रेखाटनं, पक्का लोगो, पॅकेजिंग. प्रत्येक टप्प्याची रक्कम वेगळी अडकवायला सांगा, म्हणजे फाटलं तरी एकाच टप्प्याचं फाटेल. कोडमध्ये असं हवं की तुम्ही फाइल दिल्याची नोंद केली आणि समोरच्याने ७ दिवसांत हरकत घेतली नाही तर पैसे आपोआप तुमच्याकडे. गप्प बसणाऱ्याला फायदा मिळता कामा नये. बहुतेक कोडमध्ये हे नेमकं उलटं असतं, त्याने 'मंजूर' दाबेपर्यंत पैसे तिथेच पडून राहतात. तेवढं आधी तपासून घ्या. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता मला निरोपातून पाठवलात तर मी बघून देतो, फी नको.

आणि 'आवडलं नाही' ही हरकत चालणार नाही, असं लिहून घ्या. किती रेखाटनं, किती दुरुस्त्या, कुठल्या फाइली, एवढंच मोजता येतं. तेवढ्यावरच हरकत.

ऑपेरा हाउस

आणि तिसरी किल्ली एखाद्या जाणत्या डिझाइनरकडे द्या, दोघांना मान्य असलेल्या. दोन टक्के दलाली देऊ करा. फुकटचा पंच मनापासून बसत नाही.

फोर्टमधली वकील

दादर पश्चिम, सोबत एक साधा लेखी करार ठेवा, ईमेलवर झाला तरी चालेल. त्यात चार गोष्टी हव्यात: एस्क्रो कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, कोड आणि मजकूर यांत फरक पडला तर मजकूर खरा, तिसऱ्या किल्लीवाल्याचं नाव, आणि त्याने दिलेला सही केलेला लेखी निर्णय लवादाचा निवाडा मानला जाईल. लवाद एकच असू द्या. कायद्याला सम संख्या चालत नाही आणि तिघं तुम्हाला परवडणार नाहीत.

दादर पश्चिम

ताई, काका, चिराबाजार, मनापासून आभार. करार पाठवला. टप्पे आणि ७ दिवस त्याला मान्य आहेत, दुरुस्त्या तीनपर्यंत. पण लवादाचं स्थळ मुंबईऐवजी सिंगापूर लिहा म्हणतो. धोका आहे का?

फोर्टमधली वकील

नाही, मान्य करा. तो पैसे द्यायला चुकला तर वसुली त्याच्या देशात करायची आहे, मुंबईत त्याचं काही नाही. सिंगापूर आणि भारत दोन्ही १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचे, म्हणजे एका देशातला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशात अमलात आणणाऱ्या कराराचे, सदस्य आहेत. त्याचा देशही आहे का तेवढं बघा, बहुतेक देश आहेत. फक्त दोन वाक्यं घाला: सुनावणी ऑनलाइन होईल, आणि लवादाचा खर्च हरणाऱ्याकडे. तिसऱ्या किल्लीवाल्याने पैसे सोडण्याआधी दोघांना ४८ तासांची सूचना द्यायची, हेही घाला. चिराबाजार, ते ४८ तास कोडमध्ये बसवता येतील ना?

चिराबाजार

येतील. टाइमलॉकच्या, म्हणजे ठरावीक वेळ जाईपर्यंत पैसे न सोडणाऱ्या, चार-पाच ओळींचं काम आहे. आज रात्री लिहून टेस्टनेटवर (चाचणीच्या ब्लॉकचेनवर) चढवतो आणि दुवा इथेच देतो, म्हणजे भायखळा लोकललाही फोडून बघता येईल.